कमळाचा बंगला

यशोदाबाईंनी दाढीचं जुनं पातं काचेवर आडवं धरलं आणि वाळलेल्या रंगाचा ठिपका खरवडायला घेतला. रंगाऱ्यांनी चौकटी रंगवता रंगवता काचाही निम्म्या रंगवून ठेवल्या होत्या. खिडक्या तरी किती! नकाशात त्या एवढ्या दिसल्या नव्हत्या. "घरात उजेड पाहिजे," म्हणून मल्हाररावांनी खोलीखोलीला दोन्ही अंगांनी खिडक्या काढून घेतल्या, आणि त्या पुसायची वेळ आली तेव्हा ते काहीतरी आणायला म्हणून स्कूटरवरून पसार झाले. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. ती सुट्टी या काचांवरच खर्ची पडणार हे यशोदाबाईंनी मनोमन कबूल करून टाकलं होतं.

गंगापूर रोडच्या या आतल्या गल्लीत बाकीची घरं बसकी होती. प्राध्यापकांची, बँकेतल्या साहेबांची, पेन्शनरांची. कौलारू उतार, मेंदीचं कुंपण, दारात अनंताचं नाहीतर जास्वंदीचं झाड. त्या सगळ्यांच्या मधोमध मल्हाररावांचा बंगला उभा राहिला होता. दोन मजले उंच गोल खांब, खाली मालट्रक मावेल एवढं पोर्च, वर पोट सुटल्यासारखी पुढे आलेली बाल्कनी. आणि गच्चीवर कमळ. पाण्याची टाकी टाकीसारखी दिसता कामा नये, असा मल्हाररावांचा हट्ट होता. त्यांनी तिला सिमेंटच्या पाकळ्या लावून घेतल्या आणि वरून गुलाबी रंग दिला. आता रिक्षावाले लांबूनच बोट दाखवून 'कमळाचा बंगला' म्हणायचे. ते ऐकून मल्हाररावांना गुदगुल्या व्हायच्या आणि यशोदाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यांना असलं घर नको होतं. पुढे ओटा, मागे न्हाणीजवळ दोन केळी, आणि संध्याकाळी वह्या तपासायला खिडकीजवळ एक जागा, एवढं त्यांच्या मनात होतं. एशियाडच्या वर्षी पाया खणला तेव्हापासून त्या भांडत आल्या होत्या. खांबांवरून भांडल्या आणि हरल्या. बाल्कनीवरून भांडल्या, हरल्या. दिवाणखान्यातल्या फरशीत रंगीत फूल बसवायचं निघालं तेव्हा तर दोन दिवस अबोला धरला, फूल बसलंच. कमळाच्या वेळी मात्र त्या भांडल्याच नाहीत. भांडायलासुद्धा अंगात बळ लागतं. नगरपालिकेची शाळा, घरचं रांधणं आणि वर ही बांधकामाची धूळ, यात ते बळ कधीच आटून गेलं होतं.

घर लहान की मोठं, हा खरं तर वरवरचा वाद होता. या गल्लीनं आपल्याला माणसांत धरावं, सकाळी कुंपणावरून कुणी दोन शब्द बोलावं, अडीनडीला कुणी वाटी घेऊन दारात यावं, एवढीच यशोदाबाईंची आस होती. एवढं अवाढव्य घर बघून लोक चार हात लांबच राहतील, अशी त्यांना धास्ती होती. मल्हाररावांचं म्हणणं उलटं होतं. घर असं पाहिजे की लोकांनी मान वर करूनच बघितलं पाहिजे.

"दमलात की हो अगदी!"

शेजारच्या निर्मलाबाई गर्गे पोर्चमधून आत आल्या होत्या. हातात पाण्याचा तांब्या आणि वर फुलपात्र. त्यांचे यजमान कॉलेजात संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. गल्लीतलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात देखणं घर त्यांचं. यशोदाबाई येता-जाता त्याच्याकडे चोरून बघत असत.

"या ना. बसायला काही नाहीये अजून," यशोदाबाई ओशाळून म्हणाल्या.

"मी कुठे बसायला आलेय. उन्हाचं पाणी तरी प्या दोन घोट." गर्गेबाईंनी मान मागे टाकून छताकडे पाहिलं. छताला चुन्याचे द्राक्षांचे घड होते. "भव्य झालंय हं."

यशोदाबाईंनी फुलपात्र तोंडाला लावलं. छान म्हणायला जीभ वळत नाही तेव्हा माणूस भव्य म्हणतो, हे त्यांनाही कळत होतं.

"राग मानू नका, पण एक सांगू? घर कसं, माणसाच्या मापाचं असावं. आत शिरलं की खांद्यावर हात ठेवल्यासारखं वाटावं. आमचे हे म्हणतात, साधेपणाला अक्कल लागते."

"मलाही तसंच वाटतं," यशोदाबाई पटकन बोलून गेल्या, आणि नवऱ्याच्या पाठीमागे त्याची चहाडी केल्यासारखं त्यांना वाटलं.

गर्गेबाई खुलल्या. "वाटणारच! तुमच्याकडे बघूनच कळतं ते. पुरुषांची हौस असते मेली. त्यातून तुम्ही बागायतदार मंडळी, तुमचं सगळंच ऐसपैस. द्राक्षं आहेत ना तुमची?"

बोलता बोलता पुन्हा काचेवर फिरू लागलेलं पातं थांबलं.

"नाही. ह्यांची ठेकेदारी आहे. कालव्याची, मोऱ्यांची कामं घेतात."

"हो, ते माहितेय. पण मूळचे निफाडकडचे ना तुम्ही? मल्हाररावच सांगत होते आमच्या ह्यांना."

"हो. निफाडकडचेच."

"तेच म्हणते मी." गर्गेबाईंनी रिकामं फुलपात्र तांब्यावर पालथं घातलं. "वास्तुशांत कधी काढलीत?"

"पौर्णिमेला येतोय राहायला."

"वैशाखी पौर्णिमा! उत्तम दिवस. त्या दिवशी दूध-विरजण माझ्याकडून घेऊन जा हं. नव्या घरात पहिल्या दिवशी काही म्हणता काही नसतं."

त्या गेल्या. यशोदाबाई पातं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली तो शेजाराचा शब्द आज आपणहून घरात चालत आला होता. त्यांना आनंद झाला, अगदी लहान मुलीसारखा झाला. खोटं तर त्या काही बोलल्या नव्हत्या. मल्हाररावांचं गाव निफाड तालुक्यातलंच. तिथे द्राक्षंही होती. पण ती दुसऱ्यांची. मल्हाररावांचं घर ओढ्यापलीकडच्या वस्तीत, आणि त्यांची आई धोंडाबाई त्या बागांतून खुरपायला जायची. गर्गेबाई जिला वैशाखी पौर्णिमा म्हणाल्या तिला हे दोघं बुद्धपौर्णिमा म्हणत. वास्तुशांत त्यांच्यात करत नाहीत. भन्तेजी येणार होते, वंदना होणार होती. यातलं एक अक्षर यशोदाबाईंनी उच्चारलं नव्हतं. पुन्हा पातं टेकवलं तर ते काचेवरून घसरलं आणि बोटाला लागलं. त्यांनी बोट तोंडात धरलं.

दुसऱ्या दिवशी मल्हाररावांची थोरली बहीण चंद्रभागाआक्का एसटीनं आली. तिला स्टँडवरून स्कूटरवर बसवून मल्हाररावांनी थेट बंगल्यावरच आणलं. आक्का फाटकाशी उतरली, वर बघितलं, डोक्यावरचा पदर सावरला आणि आत शिरली. सगळ्या खोल्या फिरली. दिवाणखान्यात आल्यावर तिनं वहाणा बाहेर काढून ठेवल्या आणि त्या रंगीत फुलाच्या मधोमध फरशीवर सरळ आडवी झाली, हातपाय पसरून.

"आक्का, अहो चटई टाकते," यशोदाबाई म्हणाल्या.

"ऱ्हाऊ दे. गार लागतंय." आक्कानं डोळे मिटले. "लय मोठं हाय रं मल्हारी. हितं हाक मारली तं माघारी येती."

मल्हाररावांची छाती फुगली. "हिला विचार ना. हिला आवडत नाही. हिला लहान घर पायजे होतं. टुमदार!"

आक्कानं एक डोळा उघडून भावजयीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता.

"लहान घरात लय ऱ्हायले मी, यशोदा. सासू, दीर, शेरडं, समदी एकाच खोलीत. बाळंतपण झालं तं मधी लुगडं बांधलं. लहान घराची चव मला नको इचारू." मग ती कोपरावर उठून बसली. "आजून एक मजला चढव गं बाई म्हन याला."

यशोदाबाई हसल्या. गर्गेबाईंचंही त्यांना पटलं होतं आणि आक्काचंही पटत होतं. आपलं असं मत आपल्याजवळ उरलंय की नाही, याचीच त्यांना शंका यायला लागली होती.

आक्काची नजर समोरच्या भिंतीवर गेली. दारातून आत येताच दिसणारी, एवढी लांबरुंद, कोरी भिंत.

"बाबासाहेबांचा फोटू हितं लावायचा आसंल. आन् बुद्ध त्या कोनाड्यात."

मल्हारराव खिशातली किल्ली चाळवू लागले. "वर खोली केलीय आक्का, वंदनेसाठी वेगळी. मागच्या अंगाला. शांत आहे तिथं."

"मंग हितं?"

"हितं सीनरी." त्यांनी कोपऱ्यातली गुंडाळी आणून उलगडली. बर्फाचा डोंगर, निळं तळं, तळ्याकाठी लाल छपराचं एक इवलंसं घर. त्यांनी ती हात उंच करून भिंतीवर धरून दाखवली.

आक्कानं बराच वेळ पाहिलं.

"हे कुठलं गाव हाय?"

"परदेशातलं."

"आपलं कुनी हाय का तिथं?"

मल्हारराव मोठ्यानं हसले. आवाज खरोखरच माघारी आला. यशोदाबाईंना मात्र हसू आलं नाही.  आक्का उठली, वहाणा घातल्या आणि मला चहा पाज म्हणाली.

रविवारी उन्हं कलल्यावर पंचवटीतला गोरक्ष आला. पाट्या कोरणारा. सायकलच्या कॅरिअरला गोणपाटात गुंडाळलेला संगमरवराचा दगड त्यानं सोडवला आणि फाटकाच्या खांबाला टेकून उभा केला. त्यावर पेन्सिलीनं अक्षरं आखलेली होती. यशोदाबाई अंगणातल्या विटांचे तुकडे गोळा करत होत्या. हात पदराला पुसत त्या पुढे आल्या.

'सुखनिवास', असं वळणदार, वेलांटीला पानं फुटलेलं.

"झकास!" मल्हारराव म्हणाले.

"वरचं झालं. आता खाली नाव-आडनाव सांगा," गोरक्ष म्हणाला. "नुसती आद्याक्षरं, का पूर्ण काढायचं?"

"खाली काही नको."

"काहीच नको?" गोरक्षनं कानामागची पेन्सिल काढून गल्लीभर फिरवली. "साहेब, समद्यांच्या पाट्यांवर असतं."

"नको म्हटलं ना. घराचं नाव बास झालं. कमळाचा बंगला कुणालाही विचारा, पोस्टमनसुद्धा डोळे मिटून येईल."

यशोदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. या माणसानं बाल्कनीच्या कठड्यातल्या लोखंडी नक्षीतसुद्धा 'एम' वळवून घेतला होता.

"इकडे या जरा," त्या म्हणाल्या.

दोघं पोर्चमध्ये, खांबाच्या आडोशाला गेले. मल्हारराव त्यांच्याकडे बघत नव्हते.

"गर्गेबाई मला द्राक्षवाली समजतात."

"समजू दे. मी तसं कुणाला सांगितलेलं नाही."

"आणि आडनाव?"

"तेही सांगितलेलं नाही. कागदावर आहे तेवढं आहे. इथं मी मल्हारराव. निफाडकडचा." त्यांनी आवाज खाली आणला. "तो आधीचा कॉलेज रोडचा प्लॉट विसरलीस? सगळं ठरलं होतं, चहा झाला होता. पगारे म्हणालो, आणि रात्रीतून त्या मालकाच्या भावाचा विचार बदलला. त्याला भाऊच नव्हता, यशोदा."

 हे यशोदाबाईंना आजपर्यंत कळलं नव्हतं. प्लॉटच्या कागदात घोळ आहे, एवढंच तेव्हा घरी सांगितलं गेलं होतं.

"तू म्हणतेस लहान बांधायचं होतं. लहान बांधलं असतं तर काय म्हणाले असते लोक? 'त्यांच्या मानानं बरं बांधलंय.' साधेपणा गर्ग्यांना शोभतो. त्यांनी पत्र्याची खोली बांधली तरी लोक म्हणतील, बघा किती साधी राहणी. आपण बांधली तर म्हणतील, आपल्या पायरीनं राहतात." ते खांबावर हात फिरवत होते. "म्हणून म्हटलं, आधी घर बघू दे. घरात येऊ दे, चहा पिऊ दे दोन-चारदा. मग कळलं आडनाव तर कळलं. तोवर उठून जायला जड जाईल."

यशोदाबाईंना पहिल्या नोकरीतल्या मुख्याध्यापिका आठवल्या. 'तुमच्यातल्या असून अक्षर किती सुरेख आहे हो तुमचं,' असं त्या कौतुकानं म्हणाल्या होत्या, आणि यशोदाबाईंनी त्यांचे आभार मानले होते.

त्यांनी वर पाहिलं. इतके दिवस या खांबांनी त्यांचं डोकं उठवलं होतं. आज राग आला नाही, कीव आली. एवढे मोठाले खांब, एवढं उंच पोर्च, आणि त्यांच्या आडोशाला उभा राहून हा माणूस स्वतःचं आडनाव कुजबुजत्या आवाजात बोलत होता. आणि आपण तरी काय केलं? विरजणाच्या कबुलीवर लहान मुलीसारख्या हरखलो. वर मागच्या खोलीत बाबासाहेब, दर्शनी भिंतीवर परक्या मुलखातलं तळं, आणि फाटकावर कुणाचाच नसलेला सुखनिवास. या घरात राहायचं कुणी? त्यांना इतका थकवा आला की तिथेच पायरीवर बसावंसं वाटलं. उद्यापासून रोज, कुंपणाशी प्रत्येक बोलण्यात, हे असं जपून पाऊल टाकायचं. तेवढं बळ आता आपल्यात नाही, हे त्यांना लख्ख कळलं.

त्या फाटकाशी परत आल्या.

"खाली नाव घाला," त्या गोरक्षला म्हणाल्या. "पगारे."

गोरक्षनं मल्हाररावांकडे पाहिलं. मल्हारराव पोर्चमधून हलले नव्हते. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. गोरक्ष खाली बसला आणि सुखनिवासच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, त्यानं बारीक अक्षरांत नाव आखलं.

"अं हं. मोठं काढा."

त्यानं खोडून मोठं काढलं.

"अजून मोठं."

"बाई, मग सुखनिवास बारीक दिसंल त्याच्याफुडं."

"सुखनिवास नाही कोरलंत तरी चालेल."

गोरक्षनं पेन्सिल खाली ठेवली. इतक्या वर्षांत त्यानं या रस्त्यावर बऱ्याच पाट्या लावल्या होत्या आणि त्याचं त्याचं असं एक मत होतं. "भडक दिसंल बाई. पाटी कशी, नाजूक असावी. हितल्या समद्यांच्या बघा. मोठ्या अक्षरात भपका वाटतो, शोभा जाती."

"वाटू दे."

शेजारचं फाटक करकरलं. गर्गेबाई झाडांना पाणी घालता घालता हातातली झारी ठेवून निघाल्या होत्या. "पाटी आली वाटतं? बघू बघू, काय नाव ठेवलंत?"

मल्हारराव पोर्चमधून लगबगीनं खाली आले. यशोदाबाईंच्या अगदी मागे येऊन थांबले. त्यांना धाप लागली होती.

"यशोदा," ते हळूच म्हणाले, "असू दे नाव. पण जरा लहान."

पाया खणल्यापासून आजपर्यंत, कुठलीही गोष्ट लहान करा असं मल्हाररावांच्या तोंडून यशोदाबाईंनी ऐकलं नव्हतं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित त्यांनी नवऱ्याचं ऐकलं असतं.

गर्गेबाईंच्या चपलांचा आवाज जवळ येत होता.

"मग अक्षर केवढं घेऊ?" गोरक्षनं विचारलं.

यशोदाबाई खाली वाकल्या, आणि अंगठा न् करंगळी ताणून त्यांनी आपली सबंध वीत दगडावर टेकवली.